सहा-दहाच्या बसची राक्षसीण

घर बघायला गेलो तेव्हा अक्कांनी मला लग्न झालंय का, मांसमच्छी खातोस का, मित्र किती येतात, यातलं काहीच विचारलं नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभं केलं आणि चष्म्याच्या वरून बघत एवढंच विचारलं, "गोष्टीतली राजकन्या आवडते का राक्षसीण?"

पुण्याहून बेंगळुरूला येऊन मला तीन आठवडे झाले होते आणि घरमालकांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन मी थकलो होतो. पण हा प्रश्न ऐकून माझी छाती फुगली. कारण त्या वेळी मी एक पुस्तक लिहीत होतो. म्हणजे, लिहिणार होतो. परीकथांमधल्या दुष्ट बायकांना, चेटकिणींना, सावत्र आयांना, नावडत्या राण्यांना नायिका करायचं आणि त्या कथा नव्यानं सांगायच्या, अशी योजना होती. पुस्तकाचं नाव ठरलं होतं, अर्पणपत्रिका लिहून झाली होती, मुखपृष्ठावरच्या चेटकिणीचं नाक किती लांब असावं यावरून एका चित्रकार मित्राशी माझं भांडणही झालं होतं. फक्त कथा लिहायच्या राहिल्या होत्या.

"राक्षसीण," मी म्हणालो, आणि का आवडते ते पुढची दहा मिनिटं सांगितलं. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे कानडीत 'ठीक'. "गच्चीवरची खोली तुझी. नळ नीट बंद करत जा."

वैचारिक भूमिकेच्या जोरावर बेंगळुरूत घर मिळवणारा मी पहिलाच, असं मी त्या संध्याकाळी चार जणांना कळवलं. पुढे समजलं की अक्का हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, गॅसचं सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा.

"मग माझ्या उत्तराचं काय?" मी एकदा दुखावल्या आवाजात विचारलं.

"काय की. माणूस थांबून बोलतो का घाईत बोलतो, एवढंच मी बघते. तू तर भाषणच दिलंस. खोली सहा महिने रिकामी होती म्हणून दिली, अप्पा."

बनशंकरीतलं ते दुमजली घर अक्कांच्या नवऱ्यानं बांधलेलं. नवरा औषध कंपनीचा फिरता विक्रेता होता, तो जाऊन दहा वर्षं झाली होती. अक्का एकट्याच राहायच्या. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. त्यामुळे अक्कांच्या मराठीत कानडी इतकी मुरली होती की सुरुवातीला मी त्यांना सुधारायला जायचो. "अक्का, 'स्वल्प थांब' नाही, 'जरा थांब'." त्यावर त्या म्हणाल्या, "आमची मराठी तुझ्या पुण्याहून निघाली तेव्हा तुझ्या पुण्याला तरी धड मराठी येत होती का, विचार जा." मी विचारायला गेलो नाही.

पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती. यंत्राचा सुटा भाग तयार होऊन आला की तो मापात आहे की नाही ते बघायचं, आणि नसला तर त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. निवृत्त होताना त्यांनी कारखाना सोडला, ठिपका सोडला नाही. घरात कायम लाल स्केचपेन घेऊन वावरायच्या. प्लंबरनं बसवलेल्या वाकड्या नळावर ठिपका. लग्नपत्रिकेत वराची पदवी जरा जास्तच लांब वाटली की तिच्यावर ठिपका. चपातीची जाडी त्या व्हर्नियर नावाच्या मोजपट्टीत धरून बघायच्या, आणि मी केलेली चपाती एकदा त्यांनी मोजलीच नाही. नुसती हातात घेतली आणि ठिपका दिला.

मी माझ्या दारावर नावाची पाटी लावली होती. नावाखाली 'लेखक' असं लिहिलं होतं. खरं तर मी एका सॉफ्टवेअर कंपनीत मदतपुस्तिका लिहितो. 'पासवर्ड विसरलात तर काय कराल' हे माझं आजवरचं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं लेखन. दुसऱ्या दिवशी 'लेखक' या शब्दावर लाल ठिपका होता. मी खाली जाऊन जाब विचारला.

"हे अजून तपासणीला आलेलं नाही," अक्का म्हणाल्या. "आलं की बघू."

दर शनिवारी संध्याकाळी गल्लीतली आठ-दहा मुलं त्यांच्या जिन्यावर येऊन बसायची. अक्का कानडी, मराठी आणि मोडकंतोडकं इंग्रजी मिसळून गोष्ट सांगायच्या, आणि त्या गोष्टींत राक्षसीणच मुख्य असायची. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी पायऱ्यांवरच बसकण मारली. गोष्ट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची होती: राक्षसिणीचा जीव पोपटात आहे, राजपुत्र येतो आणि पोपटाची मान मुरगळतो. पण अक्कांच्या गोष्टीत राक्षसीण रोज पोपटाला पेरू भरवायची, त्याच्या सर्दीवर काढा करायची, आणि बाहेर जाताना शेजारणीला सांगून जायची, "जीव घरी ठेवून चाललेय, लक्ष असू द्या." राजपुत्रानं मान मुरगळली तेव्हा जिन्यावरची मुलं ओरडली, "पोपटानं काय केलं होतं?"

"हेच ती पण म्हणाली," अक्का म्हणाल्या. "आणि मेली."

आणखी एक गोष्ट होती आणि मुलं ती सारखी मागायची. एका राजाची राणी मरते. नऊ वर्षांची राजकन्या मागे राहते. राजा कायम मोहिमेवर. म्हणून तो एका राक्षसिणीशी लग्न करतो. राजकन्येचे केस गुडघ्यापर्यंत. तिच्या आईनं वाढवलेले. ते विंचरून वेणी घालायला पाऊण तास लागतो. आणि राक्षसिणीला पर्वत फोडायच्या कामावर जायचं असतं. सकाळी सहा दहाला तिची बस. रोज राजकन्या रडते, रोज गुंता होतो, रोज राक्षसीण धावत जाऊन बस पकडते. एक दिवस ती कात्री घेते आणि केस मानेपासून कापून टाकते.

"मग?" मुलं विचारायची.

"मग काय. बस मिळाली."

"आणि राजकन्या?"

इथं अक्का उठायच्या आणि चिक्कीचा डबा आणायला आत जायच्या. गोष्ट दर वेळी इथंच संपायची. समोरच्या घरातली सात वर्षांची मुलगी दर वेळी निषेध करायची आणि दर वेळी चिक्की घ्यायची.

मला मात्र ही गोष्ट ऐकून झोपेतून उठल्यासारखं झालं. बसनं कामावर जाणारी राक्षसीण! मी तीन दिवसांत कथा लिहिली. अक्कांना विचारलं नाही. लोककथा सगळ्यांच्या असतात, असं मी स्वतःला समजावलं, आणि स्वतःला पटवणं मला कधीच जड गेलेलं नाही. कथेचं नाव ठेवलं 'मुक्तकेशा'. माझी राक्षसीण उंच, सावळी, तेजस्वी होती. बस मी काढून टाकली. तिच्यामुळे कथेची उंची कमी होत होती. त्याऐवजी माझ्या राक्षसिणीला दिसतं की हे केस म्हणजे राजवाड्यानं मुलीच्या पायात अडकवलेली बेडी आहे. ती केस कापते. मुलगी खळखळून हसते, हलकी होऊन नाचते, आणि दोघी हातात हात घालून पर्वतांकडे निघून जातात. शेवटचं वाक्य लिहिताना माझे स्वतःचेच डोळे भरून आले. आपल्या लेखनावर रडणारा माणूस किती धोकादायक असतो, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

जयनगरातल्या एका छोट्या सभागृहात मराठी मंडळींचा वाचनाचा कार्यक्रम असायचा. तिथं मला वीस मिनिटं मिळाली. मी अक्कांना आग्रहानं बोलावलं. कथा वाचून झाल्यावर त्यांना उभं करायचं, 'लोकपरंपरेचा जिवंत झरा' असं काहीतरी म्हणायचं आणि शाल द्यायची, असा माझा बेत होता. शालीचा रंगसुद्धा मी राक्षसिणीला शोभेल असा निवडला होता.

अक्का आल्या, पण एकट्या आल्या नाहीत. बरोबर पंचेचाळिशीच्या एक बाई होत्या. गंभीर चेहरा, अर्धवट पिकलेली, कमरेखाली जाणारी जाड वेणी.

"ही आमची मुलगी," अक्का म्हणाल्या. "धारवाडला कॉलेजात शिकवते. पेपर तपासायच्या कामाला आली आहे चार दिवस."

अक्कांना मुलगी आहे हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. माणसांविषयी लिहीत असल्यामुळे मला त्यांना काही विचारायला फारसा वेळ मिळत नसे.

मी वाचलं. छान वाचलं, हेही सांगून टाकतो. कात्रीच्या ठिकाणी थांबलो, मुलगी हसते तिथं आवाज हलका केला. टाळ्या पडल्या. एका आजोबांनी 'पर्वत' हे प्रतीक आहे का असं विचारलं, मी आहे म्हणालो. मग त्या वेणीवाल्या बाई उभ्या राहिल्या.

"केस कापल्यावर मुलगी हसली, असं तुम्ही लिहिलंय," त्या म्हणाल्या. "ती हसली, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी समजूतदारपणे हसलो. "त्याचं असं आहे, की हे हसू शब्दशः घ्यायचं नाही. पुरुषसत्तेनं घडवलेल्या सौंदर्याच्या..."

"निळ्या मुठीची कात्री होती," त्या म्हणाल्या. "मी नऊ वर्षांची होते. मी हसले नाही."

माझ्या हातात कागद होते आणि समोर पन्नास माणसं होती. मी अक्कांकडे पाहिलं. त्या आपले दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून त्या हातांकडेच बघत होत्या. सूत्रसंचालकांनी घाईघाईनं चहा जाहीर केला. शाल माझ्या पिशवीतच राहिली.

खरी फजिती पुढे होती. पाहुण्यांना परत सोडायला मीच रिक्षा सांगून ठेवली होती. दोघींना कडेच्या जागा द्याव्यात म्हणून मी आधी आत शिरलो, आणि मग लक्षात आलं की जयनगर ते बनशंकरी मला त्या दोघींच्या मधोमध बसून जायचं आहे. रिक्षावाल्यानं आरशात बघून कानडीत विचारलं, "कार्यक्रम चेन्नागित्ता, सार?" कार्यक्रम चांगला झाला का? मी म्हणालो, हो, फार छान.

पहिला सिग्नल लागला. मग मुलगी माझ्यावरून पलीकडे म्हणाली, "चिक्कम्मा, यांना कुणी सांगितलं?"

चिक्कम्मा म्हणजे मावशी किंवा काकू. इकडे सावत्र आईलाही तीच हाक मारतात. तेवढ्या एका शब्दानं मला सगळं समजलं, आणि मी जमेल तितका बारीक झालो.

"मी सांगितली नाही," अक्का म्हणाल्या. "मुलांना सांगते शनिवारी. यानं ऐकली."

"मुलांना सांगतेस? कुठल्या मुलांना?"

"गल्लीतल्या."

"गल्लीतल्या पोरांना सांगतेस. मला इतक्या वर्षांत एकदाही बोलली नाहीस त्याविषयी." तिचा आवाज चढला नव्हता. "काय म्हणून सांगतेस? त्यात तू कोण असतेस?"

"राक्षसीण."

"चांगली राक्षसीण?"

"नाही. राक्षसीणच. काम करणारी."

रिक्षा एका खड्ड्यातून गेली आणि आम्ही तिघं एकदम उडालो. मी 'सॉरी' म्हणालो. कुणी लक्ष दिलं नाही.

"आणि मुलीचं काय सांगतेस?"

अक्कांनी रस्त्याकडे मान वळवली. "तिथं गोष्ट थांबवते मी."

"का?"

"पुढचं मला ठाऊक नाही," अक्का म्हणाल्या. "तू कधी सांगितलं नाहीस. वर्षभर माझ्याशी बोललीच नाहीस. मग बोललीस ते शाळेच्या डब्याविषयी. मी पण विचारलं नाही. विचारलं असतं आणि तू सांगितलं असतंस, तर काय केलं असतं मी?"

घर आल्यावर मुलीनं अक्कांचा हात धरून त्यांना उतरवलं. मी मागून उतरलो आणि थेट गच्चीवर गेलो. सामानाच्या पिशव्या भरायला घेतल्या. आता खोली सोडावी लागणार यात मला शंका नव्हती, आणि खरं सांगायचं तर थोडी हौससुद्धा होती. हाकलून दिलेला लेखक, हे काही अगदी वाईट दिसलं नसतं.

सकाळी अक्का वर आल्या. त्यांच्या हातात माझी 'मुक्तकेशा' होती; सभागृहातल्या खुर्चीवर मी विसरलो होतो ती प्रत. पानापानांवर लाल ठिपके होते. 'तेजस्वी'वर, 'बेडी'वर. 'खळखळून'वर दोन.

"अक्का, चुकलं माझं," मी म्हणालो. "तुम्हाला विचारायला हवं होतं."

"ते तर हवंच होतं," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. "पण मी त्यासाठी आले नाही. तुझी राक्षसीण मला आवडली नाही."

"का? मी तर तिला..."

"तू तिला देवी केलीस. सगळं बरोबर करते ती. अरे, तिची चूकच नाही म्हटल्यावर तिला कोण माफ करणार? आणि कशाची?" त्यांनी प्रत टेबलावर ठेवली. "मला बस पकडायची होती. खरं आहे ते. ती मरत होती आईच्या आठवणीनं, ते मला दिसत होतं. ते पण खरं आहे. तरी मी कापले. दोन्ही लिहायला येतं का तुला?"

मला येत नव्हतं. मी तसं सांगितलं. त्या घरात मी दिलेलं ते पहिलंच छोटं उत्तर होतं.

"पिशव्या कुठे चाललास घेऊन?" जाताना त्यांनी विचारलं.

"कुठे नाही," मी म्हणालो आणि पिशव्या रिकाम्या केल्या.

मुलगी चार दिवसांसाठी आली होती ती आठ दिवस राहिली. शनिवारी संध्याकाळी मुलं जमली. मी वरच्या पायरीवर, सर्वांच्या मागे बसलो होतो. अक्कांनी दुसरी कुठली तरी गोष्ट सुरू केली, पण समोरच्या घरातल्या मुलीनं हट्ट धरला, केसांचीच पाहिजे. अक्कांनी मागे वळून पाहिलं. त्यांची मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं मानेनं हो म्हटलं.

अक्कांनी गोष्ट सांगितली. नेहमीपेक्षा हळू सांगितली. कात्रीपाशी आल्या आणि थांबल्या, आणि सवयीनं उठायला लागल्या.

"मग मुलगी शाळेत गेली," दारातून आवाज आला. "टोपी घालून. शाळेत टोपी काढायला लावली आणि सगळे हसले. ती घरी आली आणि तिनं ठरवलं, राक्षसिणीला धडा शिकवायचा."

मुलं सरसावून बसली. "कसा?"

"दर आठवड्याला एकदा, राक्षसीण उठायच्या आधी, तिची एक चप्पल लपवायची. पाण्याच्या टाकीमागे. एकच, दोन नाही. दोन लपवल्या तर ती दुसरी जोडी घालेल. एक असली की माणूस शोधत बसतो."

अक्का अर्धवट उठल्या होत्या त्या तशाच राहिल्या. "ती तू होतीस?"

"मीच."

"अय्यो देवा! मी कुत्र्याला बडवलं त्यासाठी! चार वेळा बस चुकली माझी. मेमो दिला होता कारखान्यात!"

"माहीत आहे. मेमो मी वाचला होता. फार बरं वाटलं होतं."

"म्हणजे मुलगी पण राक्षसीण!" समोरच्या घरातली मुलगी आनंदानं किंचाळली, आणि जिन्यावर एकच गलका झाला.

अक्का खाली बसल्या. आधी हसल्या. हसता हसता पदर तोंडाशी धरला, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. मुलांना वाटलं त्या अजून हसताहेत. त्यांची मुलगी येऊन एक पायरी खाली बसली आणि उरलेली गोष्ट सांगत राहिली: टोपीची, वर्गातल्या मैत्रिणीची, आणि आईचा फोटो कपाटातून काढून उशीखाली ठेवला त्या दिवसाची. ती प्रत्येक गोष्ट मुलांना सांगत होती, आणि अक्कांना पहिल्यांदाच कळत होती. चिक्की आणायला त्या दिवशी मी आत गेलो. एवढं एक काम मला नीट जमलं.

माझं पुस्तक झालं नाही. 'मुक्तकेशा' काढून टाकल्यावर उरलेल्या कथांतल्या बायकाही मला सारख्याच तेजस्वी दिसायला लागल्या. मी अजूनही मदतपुस्तिका लिहितो. अक्का गेल्या वर्षी घर भाड्यानं देऊन मुलीकडे धारवाडला राहायला गेल्या. गुडघे फार दुखायला लागले होते, आणि मुलीनं दुसऱ्यांदा विचारलं नाही, सरळ टेम्पो घेऊनच आली.

हे लिहून झाल्यावर मी या वेळी आधी फोन केला. अक्का म्हणाल्या, "वाच." मी सगळं वाचून दाखवलं. पलीकडे फोन स्पीकरवर होता, कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"जिन्यावर मी रडले असं लिहिलंस," वाचून झाल्यावर अक्का म्हणाल्या.

"खांदे हलत होते एवढंच लिहिलंय, अक्का."

"तेच ते. रडले नव्हते मी."

तेवढ्यात मागून मुलीचा आवाज आला, "रडली होतीस, चिक्कम्मा. मी खालच्या पायरीवर होते. मला दिसलं."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"तिला दिसलं म्हणते," अक्का म्हणाल्या. "सरी. राहू दे मग."